मापात पाप नको

गेल्या रमजानमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला. खजुरात म्हणे किरणोत्सर्ग सापडलाय, लेकरांना देऊ नका, लगेच पुढे पाठवा. कोणी शोधला, कुठल्या खजुरात, किती, काहीच नाही. सकाळी खालांचा फोन आला. "बेटा, तू फिजिक्स शिकवतेस ना? सांग, दोन किलो आणलाय, फेकून देऊ का?"

मी म्हटलं, "नका फेकू, खाला. अफवा आहे."

"तुला कसं माहीत?"

खाला सातवीपर्यंत शिकलेल्या. मी एम.एस्सी. आणि तरी मी गप्प बसले, कारण खरं उत्तर होतं, माहीत नाही. मेसेज लिहिणाऱ्याकडे आकडा नव्हता, तसा माझ्याकडेही नव्हता. तो भीतीवर बोलत होता, मी भरवशावर. खालांनी आम्हा दोघांनाही एका प्रश्नात उघडं पाडलं.

म्हणून आज थेट सांगते. आपल्या ताटातल्या अन्नात किरणोत्सारी द्रव्य किती आहे हे नियमित मोजलं गेलं पाहिजे. एकाच नमुन्याचे भाग वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजले पाहिजेत. आणि तो आकडा मराठीत आणि उर्दूत, कुणालाही दिसेल अशा जागी लावला पाहिजे. "सुरक्षित आहे, काळजी करू नका" हे वाक्य म्हणजे आकडा नव्हे.

त्या फोननंतर मी खालांकडचा अर्धा किलो खजूर घेऊन शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेले. काउंटरवरच्या दादांनी विचारलं, भेसळ, कीटकनाशक की जंतू? मी म्हटलं, सीझियम. त्यांनी आतल्या मॅडमना बोलावलं. मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ते मशीन आमच्याकडे नाही. मुंबईला विचारा. तुम्ही एक्सपोर्टर आहात का?"

"नाही. मी खाणारी आहे."

त्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना पीएमटीत बसून तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. माल बाहेर पाठवणाऱ्याला आकडा मिळतो आणि खाणाऱ्याला मिळत नाही, हे काय आहे?

आणि बाहेर पाठवणाऱ्याला तो खरंच मिळतो. नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था आहे. निर्यातीच्या मालात किरणोत्सर्ग किती, हे मोजून ती दाखला देते. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हापासून कितीतरी देश असा दाखला मागतात. बांगलादेशात बाहेरून येणारी दूध पावडर तिथल्या अणुऊर्जा आयोगाच्या तपासणीतून जाते. म्हणजे यंत्र आहे, शिकलेली माणसं आहेत, पद्धत आहे. ढाक्यातल्या बाळाच्या दुधासाठी कागद निघतो. कोंढव्यातल्या बाळाच्या आईने तो कुठे मागायचा, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

मोजायचं कसं, तेही समजून घेऊ, कारण 'किरणोत्सर्ग' शब्द ऐकला की आपली बुद्धी सुट्टीवर जाते. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणुकेंद्राचं विघटन. किरणोत्सर्ग शून्य असलेलं अन्न जगात नाही. दूध, केळी, बटाटा, आपलं स्वतःचं शरीर, सगळ्यात पोटॅशियम-४० असतंच. एका प्रौढ माणसाच्या अंगात त्याची सेकंदाला चार हजारांच्या आसपास विघटनं होत असतात. तेव्हा "खजुरात किरणोत्सर्ग सापडला" हे वाक्य "समुद्रात पाणी सापडलं" इतकंच अर्थाचं आहे. कुठला अणू आणि किती, हा खरा प्रश्न.

बॉम्बचा किंवा फुटलेल्या अणुभट्टीचा अणू ओळखता येतो. सीझियम-१३७ च्या विघटनातून ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण निघतो. नमुना बारीक करून डब्यात भरतात, शिशाच्या जाड कवचात जर्मेनियमच्या डिटेक्टरजवळ ठेवतात आणि काही तास मोजू देतात. पडद्यावर ६६२ च्या जागी टेकाड उभं राहिलं तर सीझियम आहे. टेकाडाच्या आकारावरून किती, ते कळतं. यात ना जादू आहे ना गुपित. बी.एस्सी.च्या मुलीला दोन दिवसांत समजावता येतं.

आता ज्यांना वाटतं की असे प्रश्न जपानमध्ये पडतात, आपल्याकडे नाहीत, त्यांना १९८७ सालच्या मुंबईत घेऊन जाते. युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीतून आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं होतं, सुमारे २०० टन. चेर्नोबिलचा धुरळा युरोपभर पसरल्याला फार दिवस झाले नव्हते. डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि त्यांच्या सोबत्यांनी हे लोणी वाटू नये म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे याचिका फेटाळली गेली, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचं मत आलं की अन्न सुरक्षित आहे. १९८८ मध्ये प्रकरण संपलं.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करते. समिती बहुधा बरोबरच होती. आपल्या घरात दही घुसळताना लोणी वर येतं आणि ताक खाली राहतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. सीझियम पाण्यात विरघळतं, चरबीत नाही. त्यामुळे दुधातलं बहुतेक सीझियम ताकात राहतं, लोण्यात फार थोडं येतं. लोणी खाऊन मुंबई आजारी पडली असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मीही त्या खजुराच्या मेसेजवाल्याच्याच रांगेत बसेन.

मग भांडण कशाचं? समितीला काय विचारलं होतं ते पाहा. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ ला घालून दिलेल्या मर्यादेच्या आतलं अन्न माणसाला खायला सुरक्षित आहे का, असा तो प्रश्न होता. या लोण्याच्या कुठल्या खोक्यात किती बेकरेल निघाले, नमुने कोणी काढले, दुसऱ्या कोणी मोजून पाहिले का, हा तो प्रश्न नव्हता. समितीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार होते. त्यांच्या विद्वत्तेवर बोट ठेवण्याची माझी पात्रता नाही. पण अणुसंशोधन करणारी संस्था अणुऊर्जा विभागाची, मर्यादा ठरवणारं मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तर देणारं, आणि पंचांतही त्याच घरातला माणूस. तराजू, वजन आणि तोलणारा एकाच दुकानाचे असले की तोल बरोबर असूनही गिऱ्हाइकाला शंका येते. दोष गिऱ्हाइकाचा नसतो. हे फक्त मीच म्हणतेय असंही नाही. २०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनीही आपल्या अहवालात या मंडळाच्या स्वातंत्र्यावर प्रश्न उभा केला होता.

शिवाय 'मर्यादा' हा काही आकाशातून पडलेला आकडा नाही. मे १९८६ मध्ये युरोपने सीझियमसाठी मर्यादा ठरवली, दूध आणि बाळांच्या अन्नात किलोला ३७० बेकरेल, बाकी अन्नात ६००. पुढे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-आयोगाने व्यापारासाठी धरलेला आकडा १०००. जपानने फुकुशिमानंतर आधी ५०० धरला आणि १ एप्रिल २०१२ पासून साध्या अन्नाला १००, दुधाला ५०. अणू तोच, माणसाचं शरीर तेच, मग आकडे वेगळे कसे? कारण प्रत्येक आकड्यामागे एक गृहीत असतं. कोडेक्सच्या हिशोबात मोठा माणूस वर्षाला ५५० किलो अन्न खातो आणि त्यातलं फक्त दहा टक्के दूषित असतं. जपानने स्वतःपुरतं धरलं की निम्मं दूषित असेल. किती धोका पत्करायचा हा निर्णय आहे, आणि ज्याच्या पोटात अन्न जातं त्याला त्या निर्णयात जागा हवी. त्यासाठी मर्यादा आणि मोजलेला आकडा दोन्ही शेजारीशेजारी दिसले पाहिजेत. "मर्यादेत आहे" एवढं सांगणं म्हणजे बिल न दाखवता "जास्त नाही झालं" म्हणणं.

गंमत अशी की हीच मागणी एकेकाळी आपल्या देशाने जगाकडे केली होती. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची राख जपानी मच्छीमारांच्या एका बोटीवर पडली आणि जपानच्या बाजारातली ट्यूना मासळी तपासून नष्ट करावी लागली. अमेरिकेचं म्हणणं होतं, काळजी नको. २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवा अशी मागणी केली. ३ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाचे परिणाम तपासणारी शास्त्रीय समिती स्थापन केली. पहिल्या पंधरा देशांत भारत होता, आणि आपल्या बाजूने तिथे बसणाऱ्यांत कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मराठी नाव होतं. समितीने देशोदेशीचं दूध, धान्य, हाडं यांतल्या स्ट्रॉन्शियम-९० चे आकडे गोळा केले आणि १९५८ मध्ये पहिला अहवाल छापला. बॉम्ब फोडणारे म्हणत होते धोका नाही, बाकीचे म्हणाले आकडे टेबलावर ठेवा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. लाखो दात जमले, आणि मुलांच्या अंगात स्ट्रॉन्शियम वाढतंय हे दिसलं. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, त्यामागे या आकड्यांचा मोठा रेटा होता.

आजचं उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट २०२३ ला जपानने फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली आणि चीनने त्याच दिवशी जपानची सगळी मासळी बंद केली. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरात, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लोकांसोबत कॅनडा, दक्षिण कोरिया आणि चीनचेही शास्त्रज्ञ जपानच्या हिसानोहामा बंदरावर गेले. नमुन्याची मासळी घेताना हजर राहिले. त्याच मासळीचे भाग वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी मोजायचे आणि आकडे जुळतात का पाहायचं. इथे कुणी कुणावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षाच नाही. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच मासळीसमोर उभे आहेत. मला पुण्यात, रत्नागिरीत हेच हवंय. विश्वास नंतर येतो, आधी नमुना वाटून घ्या.

रत्नागिरीचं नाव मी सहज घेतलेलं नाही. माझं आजोळ राजापूर तालुक्यात, साखरीनाट्याच्या अलीकडे. मामूंची छोटी होडी आहे. त्या किनाऱ्यावर जैतापूरचा अणुप्रकल्प येणार म्हणतात, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटी घालून त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं, आणि १८ एप्रिल २०११ ला नाट्यात आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात साखरीनाट्याचा एक तरुण गेला. तो मच्छीमारांच्या, बहुतांशी आपल्याच लोकांच्या गावचा होता. तेव्हा मी शाळेत होते. नानी आठवडाभर जेवल्या नाहीत.

अणुभट्टी हवी की नको, यावर या अंकाचे वाचकही एकमताचे नसतील. तो वाद वेगळा. पण बाजूने असा की विरोधात, एका गोष्टीवर आपलं भांडण व्हायला नको. आज, अणुभट्टी नसताना, त्या खाडीतल्या बांगड्यात, कोळंबीत, कालवांत किती सीझियम आहे, हे आज मोजून जाहीर झालं पाहिजे. मोजून झालं असेल तर तो कागद फाइलीत नको, मासळी बाजाराच्या फळ्यावर हवा. कारण उद्या काही घडलं तर पहिला प्रश्न येईल, "आधी किती होतं?" उत्तर नसेल तर कंपनी म्हणेल, आधीपासूनच होतं. आणि काहीच घडलं नाही, नुसती अफवा उठली, तरी पुण्यात गणेश पेठेच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणेल, "राजापूरची नको, दुसरी दाखवा." मामूंचा माल खराब नाही हे मामू कशाने सिद्ध करणार? आकडा नसला की दोन्हीकडून मार गरीबालाच. धोका खरा असेल तर त्याच्या पोटात जातो, खोटा असेल तर त्याच्या पोटावर येतो.

ब्रिटनमध्ये काय झालं ते ऐका. चेर्नोबिलचा पाऊस वेल्सच्या डोंगरांवर पडला, मेंढ्यांच्या मांसात सीझियम आलं. किलोला १००० बेकरेलची मर्यादा होती. मेंढीच्या अंगाला यंत्र लावून मोजायचे, आणि मोजल्याशिवाय मेंढी बाजारात जात नव्हती. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी. शेतकऱ्यांना त्रास झाला, पण विकलेल्या मेंढीमागे आकडा होता, म्हणून गिऱ्हाईक टिकलं.

हे सगळं मी आमच्या एका बैठकीत बोलले तर एक भाई म्हणाले, "आपल्या कौमचे प्रश्न कमी आहेत का? घर भाड्याने मिळत नाही, नोकरी मिळत नाही, आणि तू सीझियम काढून बसलीस." त्यांचं दुःख खोटं नाही. पण आपले प्रश्न कोणते हे कायम दुसऱ्यांनीच ठरवायचं का? टीव्हीवर आपल्याला बोलावतात ते तलाकवर आणि हिजाबवर. दूध, पाणी, मासळी यांवर बोलायला आपल्याला कोणी बोलावत नाही, आणि आपणही जात नाही. नागरिक असणं म्हणजे फक्त आपल्यावरच्या अन्यायाची दाद मागणं नव्हे. सगळ्यांच्या ताटाबद्दल बोलायचा हक्क वापरणंही आहे. आकडा फळ्यावर लागला तर तो वाचणाऱ्याचं आडनाव विचारत नाही.

दुसरा आक्षेप, "आकडे लावले तर लोक घाबरतील." अहो, लोक आत्ता घाबरलेले नाहीत का? खाला दोन किलो खजूर फेकायला निघाल्या होत्या, त्या आकडा वाचून नव्हे. फ्रान्समध्ये चेर्नोबिलनंतर सरकारी खुलाशावर भरवसा उरला नाही, तेव्हा १९८६ मध्ये नागरिकांनी स्वतःची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली. जपानमध्ये २०११ नंतर लोक स्वतः यंत्रं जोडून, गाडीला लावून रस्ते मोजत फिरले आणि सगळे आकडे खुले ठेवले. आकड्याने माणूस शहाणा होतो. झाकलेल्या मुठीने तो फक्त फॉरवर्ड करतो.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच घरातली. पाकिटावर हलालचा शिक्का शोधायला आपण शिकलो. पण हलालसोबत जो दुसरा शब्द येतो, तय्यब, चांगलं, निर्मळ, तो आपण जेवणाच्या दुआपुरता ठेवलाय. शिक्का मारणाऱ्याला आपण कधी विचारतो का, काय तपासलं, कुठे, कसं? नाही. म्हणजे सरकारला जे विचारत नाही, तेच आपल्या लोकांनाही विचारत नाही. सवय एकच आहे, ती दोन्हीकडे मोडायला हवी.

करायचं काय, ते साधं आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे. त्याखाली विकत घेणारा माणूस, म्हणजे तुम्ही-मी, फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. त्याच कायद्यात अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करायची तरतूद आहे, म्हणजे वाटून मोजणं हे तत्त्व कायद्याला परकं नाही. दूध, तांदूळ, मासळी, खजूर, चार गोष्टींचे अर्ज करू. "सोय नाही" असं उत्तर आलं तर ते लेखी घेऊ. ते लेखी उत्तर घेऊन माहिती अधिकारात विचारू की पुण्यासारख्या शहरात ही सोय का नाही आणि कधी होणार. महापालिकेत, विधानसभेत आपण ज्यांना मतं दिली, त्यांच्या हातात तोच कागद देऊ. मागणी एकच. पुण्यात एक यंत्र, दर महिन्याला ठरलेले नमुने, निम्मे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत, आणि निकाल फळ्यावर.

पुढच्या रमजानला ग्रुपवर पुन्हा काहीतरी येईल आणि खाला पुन्हा विचारतील, तुला कसं माहीत. तेव्हा मला सांगता आलं पाहिजे, "खाला, मोजलंय. हा आकडा, ही मर्यादा, आणि हे मोजणाऱ्या दोघांच्या सह्या."

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मी पाच आणून ठेवलेत.